नव्वद सेकंदांची कळ

कार्तिकी वाघमोडेला शंभरापैकी सात मिळाले.

शाळेत हे सांगितलं असतं तर कुणाचा विश्वास बसला नसता. वक्तृत्वात या मुलीला आजवर कुणी नव्वदच्या खाली आणलं नव्हतं. आवाज कुठे चढवायचा, कुठे श्वास घेऊन थांबायचं, शेवटच्या वाक्याआधी पहिल्या रांगेतल्या नेमक्या कुणाकडे बघायचं, हे तिला झोपेतून उठवलं तरी जमायचं. आणि आज नगरपरिषदेच्या निवेदन कक्षात तिनं तिच्या सोळा वर्षांतलं सगळ्यात चोख भाषण केलं होतं. विषय होता पाटावर साकव, म्हणजे छोटा पायपूल, हवा हा. पाट म्हणजे गावाच्या कडेनं जाणारा मोठा कालवा. त्याच पाटात पाच महिन्यांपूर्वी तिचे पप्पा वाहून गेले होते.

एक शब्द अडखळला नव्हता. पडद्यावर सात.

"ताई, परत एकदा बघा ना."

"बघितलं. दोनदा बघितलं." शबाना मुलाणी ही कक्षाची ऑपरेटर. तिच्या टेबलावर यंत्राचा पडदा आणि शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा शेजारी शेजारी असायचे. "यंत्र बरोबर आहे. तुझी नाडी एकाहत्तर होती गं, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. मी टीव्हीवर स्वयंपाकाचा कार्यक्रम बघते तेव्हा माझी जास्त असते."

"मग आता?"

"साठच्या खाली प्रस्ताव यादीतच जात नाही. पण एका घराला दोन संधी असतात. दुसरी पंधरा मार्चच्या आत. आईला घेऊन ये."

कार्तिकीनं मान डोलावली. खरं म्हणजे वाईट वाटायला हवं होतं. तिनं आत जरा चाचपून बघितलं, दाढेत काही अडकलंय का हे जिभेनं बघतात तसं. काही नव्हतं.

*

हे सगळं करंजपूरकरांनी स्वतःच्या हातानं ओढवून घेतलं होतं. वॉर्डाचा निधी कशावर खर्च करायचा ते नागरिकांनीच ठरवावं असा कायदा झाला आणि 'निधीमत' नावाची साइट आली. पहिल्या वर्षी नुसतं बटण दाबायचं होतं. ज्या तालमीकडे पोरं जास्त तिला व्यायामशाळा मिळाली. दुसऱ्या वर्षीही तिलाच मिळाली, पहिलीच्या शेजारी. मग प्रत्येकाला शंभर गुण दिले, हवे तिथे वाटा म्हणून. ते गुण बिर्याणीच्या ताटाबरोबर हातोहात फिरले. तेव्हा वरच्या लोकांच्या डोक्यात प्रकाश पडला, की किती लोकांना हवंय एवढं मोजून भागत नाही. किती हवंय ते मोजलं पाहिजे.

आणि ते मोजता येत होतं. हृदयाचा प्रत्येक ठोका चेहऱ्याच्या कातडीखाली रक्ताची एक बारीकशी लाट पाठवतो. त्या लाटेबरोबर गाल कणभर लाल होतो आणि लगेच उतरतो. माणसाच्या डोळ्याला हे दिसत नाही, चांगल्या कॅमेऱ्याला दिसतं. त्यावरून दोन ठोक्यांमधलं अंतर काढता येतं. निवांत माणसाच्या ठोक्यांमधलं अंतर श्वासाबरोबर थोडं कमी, थोडं जास्त असं झुलत असतं. जीव टांगणीला लागला की हे झुलणं थांबतं आणि ठोके शिपायाच्या पावलांसारखे एकसारखे पडायला लागतात. बोटं एका धातूच्या पट्टीवर ठेवली की घामाचा अंदाज येतो. बोलताना गळ्यातल्या पडद्यांचा थरकाप माइकला कळतो. हे सगळं एकत्र करून यंत्र आकडा काढतं. कागदावर त्याचं नाव 'तीव्रतांक'. गावात त्याला सगळे 'कळ' म्हणतात. "किती कळ लागली?" असं माणसं दूध किती लागलं विचारावं तसं एकमेकांना विचारतात.

यंत्राला फसवता येत नाही, हे त्याचं मोठेपण. कांदा हुंगला तर डोळ्यांत पाणी येतं, पण ठोक्यांमधलं अंतर हलत नाही. जिने चढून धापा टाकत येणाऱ्यांवर उपाय म्हणून आधी दहा मिनिटं बाकावर बसवतात. मग दहा मिनिटं बोलायला मिळतात आणि त्यातली सलग नव्वद सेकंदं, जी सगळ्यात भारी असतील ती, धरली जातात. ज्या घराला प्रश्नाची थेट झळ बसली त्या घरातल्या माणसानं मुख्य निवेदन द्यायचं. त्याच्या कळेवर प्रस्ताव तरतो किंवा बुडतो.

यंत्र बनवणाऱ्यांनी एकच गोष्ट गृहीत धरली होती. ज्याला जास्त दुखतं, तो आतून जास्त हलतो.

*

कक्षाच्या बाहेर बाबर सर भेटले. शाळेतून निवृत्त झालेले कवायतीचे सर. त्यांचे डोळे लाल होते आणि चेहऱ्यावर मात्र लग्नघरातला आनंद होता.

"एक्क्याण्णव," ते म्हणाले. "स्वागत कमानीचं निवेदन दिलं. बोलता बोलता हुंदकाच आला बघ. पंचेचाळीस वर्षं या गावात काढली, गावाला वेस नाही. परका माणूस विचारतो, करंजपूर आलं का? आपलं गाव लोकांना विचारावं लागतं, कार्तिकी."

ते खोटं बोलत नव्हते, हीच पंचाईत होती. त्यांना कमान खरोखर हवी होती. यंत्रानं ते बघून घेतलं होतं.

"तुझं किती?"

"सात."

"सत्तर असेल. नीट बघ."

"नाही सर. सात."

"हणमंताची पोर तू," ते म्हणाले आणि त्यांनी तिच्या डोक्यावर ठेवायला हात उचलला. मग काहीतरी आठवून तो खाली घेतला. "दुसरी संधी राहिलीय ना अजून? मग नको. आत्ता नको."

कार्तिकीला त्याचं काहीच वाटलं नाही. गावात सध्या असंच होतं.

*

गावात असं होतं की पंधरा मार्चपर्यंत कुणी कुणाचं सांत्वन करत नव्हतं.

हे कुणी ठरवलं नव्हतं, कुठे लिहिलेलं नव्हतं. यंत्र आलं त्या वर्षी चौथ्या वॉर्डातल्या एका म्हाताऱ्याची कळ ऐनवेळी ऐंशीवरून चाळीसवर आली, कारण आदल्या दिवशी त्याची बहीण येऊन त्याच्याजवळ दिवसभर बसली होती. त्याचं मन हलकं झालं आणि वॉर्डाचा दवाखाना गेला. तेव्हापासून लोक शहाणे झाले. ज्याच्यावर बेतलंय त्याच्या दारात जाऊन धीर द्यायचा म्हणजे त्याच्या प्रस्तावावर पाणी ओतायचं. मदत करायची, डबा पोचवायचा, गाडीवरून सोडायचं. फक्त पाठीवर हात ठेवायचा नाही.

शेजारच्या लताकाकू रोज भाकरी आणून द्यायच्या. दारातूनच. "घे गं. आत येत न्हाई मी. आले की तुज्या आईला मिठी मारावी वाटती, आन मग माजं मलाच आवरत न्हाई. मार्च होऊ दे. मार्च झाला की येती बघ चांगली दिवसभर."

पिसाळ मॅडमनी याच सुमारास क्लास काढला. शाळेत त्या मराठी शिकवायच्या आणि कार्तिकीला वक्तृत्वाला त्यांनीच तयार केलं होतं. रविवारी सकाळी त्यांच्या हॉलमध्ये सतरंजीवर दहा-बारा माणसं बसायची, प्रत्येकाचं बोट एकेका पट्टीवर. मॅडमनी कुठूनसं एक जुनं यंत्र मिळवलं होतं.

"गटाराचा विचार करून कुणाला रडू येत नाही," मॅडम समजावत होत्या. "आपल्या घशात जे अडकलंय ते आठवायचं आणि तोंडानं गटार म्हणायचं. रुक्मिणीबाई, तुम्ही काय आठवलं?"

"म्हैस," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "दोन वर्षं झाली जाऊन. डोळे लई मोठे हुते तिचे."

"आणि बोलल्या काय?"

"रस्त्यावरचा दिवा लावा म्हणून."

"कळ चौऱ्याहत्तर. बघा. कुठलं दुःख ते यंत्राला कळत नाही. म्हैस चालते."

क्लास संपल्यावर मॅडमनी कार्तिकीला थांबवून घेतलं. "तुझं काय झालंय सांगू? तू भाषण केलंस. तुझ्या आत सगळं गोठलंय आणि वरून तू छान बोलतेस. तुझ्याकडून होणार नाही ते. आईकडून होईल. आई कशी आहे?"

"गिरणी चालवते. पप्पांची."

"रडते?"

"तेराव्यापर्यंत रडली. तेराव्यानंतर रडायचं नसतं ना. आपण रडलो की गेलेल्या माणसाला पुढची वाट जड होते, असं आमच्यात मानतात. आजीनं तिला तसं बजावलंय."

मॅडमनी ओठ आवळले. "मग ते आतच असेल. चांगलं आहे. नऊ दिवस आहेत. तिला जप, कार्तिकी. जप म्हणजे, बरी होऊ देऊ नकोस."

*

साकवाची गरज कुणाला पटवून द्यायला नको होती. वाघमोड्यांची वस्ती पाटापलीकडे. शाळा, बाजार, गिरणी, सगळं गावाच्या बाजूला. रस्त्यानं जायचं तर फाट्यावरच्या पुलावरून चार किलोमीटरचा वळसा, म्हणून कधीतरी कुणीतरी पाटावर विजेचे दोन जुने सिमेंटचे खांब आडवे टाकले होते. खांबांची एक बाजू गोलसर, तिच्यावर शेवाळ. पाट कोरडा असताना त्यावरून सायकल डोक्यावर घेऊन जाणारी माणसं होती. पाट सुटला, म्हणजे धरणातून पाणी सोडलं, की ते खांबांच्या वीतभर खालून काळंभोर धावायचं. आणि आता आई त्याच खांबांवरून रोज दोनदा जात होती. सकाळी गिरणी उघडायला, संध्याकाळी घरी. मार्चअखेर उन्हाळ्याचं पाणी सुटणार होतं.

कार्तिकीच्या डोक्यात बाकी काही राहिलं नव्हतं, पण हे पक्कं होतं. आई त्या खांबांवर असताना तिला घरात बसवत नसे. ती काठावर उभी राहायची आणि आईची पावलं मोजायची. एकोणीस. एकोणीस झाली की घरात जायची.

म्हणून तिनं आईला जपलं. पप्पांची पिठानं पांढरी झालेली टोपी आई धुवायला घेणार होती, ती तिनं खुंटीवर परत अडकवली. पप्पांची ताटली मांडणीवर मागे गेली होती, ती पुढे काढली. जेवताना मुद्दाम म्हणाली, "पप्पांना ही भाजी आवडायची." आई म्हणाली, "हो." आणि जेवत राहिली.

शुक्रवारी मामा आला. बहिणीला चार दिवस माहेरी न्यायला.

"चल रेश्मा. आईनं बोलावलंय. गिरणीवर माणूस बसवतो मी."

आईनं पदराला हात पुसले. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, कितीतरी दिवसांनी. "जाऊ का गं?" तिनं कार्तिकीला विचारलं. स्वतःच्या मुलीला, परवानगी मागावी तसं.

"सोळा तारखेला जा," कार्तिकी म्हणाली. "मामा, तिकडे गेल्यावर आजी तिला कुशीत घेणार, डोक्यावर तेल घालणार, आणि पंधराला ती एकदम छान होऊन येणार. मग साकव गेला."

मामा तिच्याकडे वळला. "तू केवढी आहेस गं?"

"सोळा."

"आमच्या वेळी सोळा वर्षांची पोरं आईला असं बोलत नव्हती."

"तुमच्या वेळी यंत्र नव्हतं, मामा."

आईच्या चेहऱ्यावरचं हललेलं परत जागेवर गेलं. "बरोबर बोलतीय ती," आई म्हणाली. "सोळाला येते, दादा." मामानं चहाही घेतला नाही.

*

कार्तिकीजवळ आणखी एक गोष्ट होती. ती तिनं कुणालाच सांगितली नव्हती.

पप्पा गेले त्या दिवशी शाळेत जिल्ह्याची वक्तृत्व स्पर्धा होती. साडेआठला नावनोंदणी, ओळखपत्र बंधनकारक. सव्वाआठला गेटवर तिच्या लक्षात आलं की गळ्यात ओळखपत्र नाही. तिनं पप्पांना फोन केला. पप्पा गिरणीत पोचले होते, पहिलं दळण लावत होते. "घरी राहिलं वाटतं माझं कार्ड," ती म्हणाली. पप्पा म्हणाले, "आलो घेऊन. तू घाबरू नकोस, घसा कोरडा पडतो." शेवटी मॅडमनी शब्द टाकला आणि कार्डाशिवायच तिचं नाव घेतलं गेलं. ती पप्पांना परत फोन करून 'राहू द्या' म्हणणार होती. तेवढ्यात तिचा नंबर पुकारला.

तिचा पहिला नंबर आला. तिला स्टेजवरून खाली बोलावलं तेव्हा तिला वाटलं चषकाचा फोटो काढायचाय.

पप्पा पाटाच्या पलीकडे का गेले होते हे गावात कुणालाच माहीत नव्हतं. फोन पाण्यात गेला होता. आणि तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी कार्तिकीनं दप्तर उघडलं तर आतल्या चेनच्या कप्प्यात ओळखपत्र होतं. म्हणजे ते घरी नव्हतंच. दप्तरातच होतं. पप्पा घरी गेले, शोधत बसले, सापडलं नाही म्हणून घाईघाईनं परत निघाले. नसलेल्या गोष्टीसाठी. त्या दिवशी कार्तिकीनं न बघताच कार्ड गळ्यात घातलं, कप्प्याची चेन लावली, आणि तेव्हापासून तिची नाडी एकाहत्तर होती.

आता पिसाळ मॅडमच्या क्लासमध्ये बसून बसून तिला एक हिशेब सुचला होता. आईची कळ वर आली नाही, तर आईला हे सांगायचं. तिथेच, यंत्रासमोर. आई हलेलच. आपल्यावर चिडेल, तोंड बघणार नाही, पण हलेल. कुठलं दुःख ते यंत्राला कळत नाही.

*

पंधरा मार्चला सकाळी अकराची वेळ मिळाली. शबानानं दोघींना बाकावर बसवून दहा मिनिटं मोजली, मग आत नेलं. कक्ष म्हणजे पूर्वीची वाचनालयाची खोली, आता भिंतींना गादीसारखं काहीतरी लावलेलं, आवाज घुमू नये म्हणून. दोन खुर्च्या, समोर कॅमेरा, प्रत्येकीच्या हाताशी एकेक पट्टी.

"दोघींचीही नावं घातलीत," शबाना म्हणाली. "जी बोलेल तिची कळ धरतं. हिरवा दिवा म्हणजे चालू. दहा मिनिटं. मी काचेपलीकडे आहे." जाता जाता तिनं दोघींपुढे पाण्याचे पेले ठेवले.

दिवा लागला.

"मी रेश्मा हणमंत वाघमोडे," आई म्हणाली. "वॉर्ड सात. पाटावर साकव पाहिजे. माझे मालक तिथून पडले. वस्तीतली शाळेची पोरं तिथून जातात. कठडा पाहिजे दोन्ही बाजूंनी." ती थांबली. "अजून काय बोलायचं असतं?"

बाजूच्या छोट्या पडद्यावर चार.

"पप्पांबद्दल बोल, आई."

"चांगले होते." आईनं विचार केला. "दळणात कधी कुणाचं मूठभर कमी आलं नाही. संध्याकाळी घरी आले की अंगाला पिठाचा वास यायचा." तिचा आवाज शांत, सपाट, दळण घेताना नाव विचारावं तसा. पडद्यावर चार. मग तीन.

काचेपलीकडून शबानानं सहा बोटं दाखवली. सहा मिनिटं राहिली.

कार्तिकीनं पाणी प्यायलं आणि बोलून टाकलं. "आई, पप्पा माझ्यामुळे गेले. मी फोन केला होता. कार्ड आणायला पाठवलं होतं मी त्यांना घरी."

तिनं पडद्यावरच्या आईच्या आकड्याकडे बघितलं. तीन.

"माहितीये," आई म्हणाली.

"काय माहितीये?"

"कार्ड आणायला आले होते. मीच डब्यावरचं काढून दिलं त्यांच्या हातात. गव्हाच्या डब्यावर होतं, तू वेणी घालताना ठेवलेलं." आईचा आवाज तसाच. "बाहेर काढलं तेव्हा शर्टाच्या खिशात होतं, बटण लावलेलं. पोलिसांनी दिलं मला. त्याच्यातला गाळ टोकरून काढला, दोरी नवी घातली आणि तुझ्या दप्तरात ठेवलं. चेनच्या कप्प्यात. म्हटलं, तुला शोधायला लागू नये."

कार्तिकीनं गळ्यातल्या कार्डाकडे बघितलं. तिला दिसलं की दोरी निळी होती. पूर्वीची लाल होती. रोज गळ्यात घालून ती शाळेत जात होती आणि दोरी निळी आहे हे तिनं पाच महिन्यांत बघितलंच नव्हतं.

म्हणजे कार्ड त्यांना सापडलं होतं. ते रिकाम्या हातानं परतत नव्हते. त्यांनी खिशाचं बटण लावलं होतं.

तिच्या घशातून एक आवाज आला, जो कुठल्याही स्पर्धेत चालला नसता. तिनं आईकडे हात केला.

आईनं तो धरला नाही.

आईनं तिचं मनगट धरलं, दोन बोटांनी, डॉक्टर धरतात तसं, आणि तिचा पंजा अलगद पट्टीवर परत ठेवला. मग स्वतःची खुर्ची मागे सरकवली, कॅमेऱ्यात एकटी कार्तिकी राहील इतकी.

"बोल," आई म्हणाली. "आता बोल. साकवाचं बोल."

कार्तिकी बोलली. काय बोलली ते तिला नंतर आठवलं नाही. शबानानं नंतर वाचून दाखवलं, त्यात वाक्य एकही धड नव्हतं. कठडा पाहिजे असं होतं, आई रोज जाते असं होतं, एकोणीस पावलं असं होतं, आणि बटण हा शब्द अकरा वेळा. मधे एकदा ती आईकडे वळली, तेव्हा आई बसली होती, दोन्ही हात मांडीवर, एकात एक घट्ट गुंतवलेले, बोटांची पेरं पांढरी. आई तिच्याकडे बघत नव्हती. काचेपलीकडे बघत होती. शबाना तिथे एक हात तोंडावर धरून दुसऱ्या हातानं सेकंदं दाखवत होती. चाळीस. साठ. ऐंशी.

नव्वदनंतरही आई आणखी दहा सेकंद थांबली, खात्रीसाठी.

मग ती उठली आणि तिनं कार्तिकीच्या पाठीवर हात ठेवला. तोवर रडू ओसरलं होतं. पाठीवर हात आहे एवढं कार्तिकीला कळलं. कोमट आहे की गार, ते कळलं नाही.

शहाऐंशी.

*

आकडा साइटवर दुपारीच चढला. वॉर्ड सातच्या यादीत कमान पहिली, साकव दुसरा. पहिले तीन मंजूर होतात, त्यामुळे दोन्ही झाल्यातच जमा. बाबर सरांनी फोन करून सांगितलं, "माझ्यापेक्षा पाचच कमी, पोरी. पहिल्या खेपेला नव्हे, पण दुसऱ्या खेपेला झेंडा लावलास." त्यांना मनापासून आनंद झाला होता.

आणि संध्याकाळी बायका आल्या. पंधरा मार्चची मुदत पाचला संपली, साडेपाचला लताकाकू दारात होत्या, आणि आज त्या दारात थांबल्या नाहीत. त्यांच्या मागे पलीकडच्या आळीतल्या चौघी, मग रुक्मिणीबाई, मग शाळेतल्या दोन मैत्रिणींच्या आया. कुणी आईच्या गळ्यात पडलं, कुणी खुंटीवरची टोपी बघून हंबरडा फोडला. पाच महिन्यांचं साचलेलं सगळ्यांनी एकदम मोकळं केलं. लताकाकू हेल काढून रडत होत्या आणि मधेच थांबून म्हणत होत्या, "कधीची यायची हुते गं रेश्मा मी. देवाशपथ. कधीची."

आईनं सगळ्यांच्या पाठी थोपटल्या. मग ती स्वयंपाकघरात गेली. तिच्या मागोमाग कार्तिकी.

"किती जणी आहेत?"

"आठ. रुक्मिणीबाई बिनसाखरेचा घेतात."

आईनं मोठं पातेलं चढवलं. बाहेरचा आवाज भिंतीतून येत होता. कार्तिकी ओट्याला टेकून उभी राहिली. दुपारपासून तिच्या मनात एकच गोष्ट होती, आणि ती ती सरळ आवाजात बोलली, वक्तृत्वातल्या आवाजात नाही.

"आई. आज पंधरा तारीख नसती, तर कार्डाचं मला सांगितलं असतंस?"

चहा वर येत होता. आईनं गॅस बारीक केला.

"तू सांगितलं असतंस? फोनचं?"

बाहेर कुणीतरी पप्पांचं नाव घेऊन रडलं. दोघी ते संपेपर्यंत थांबल्या.

"गाळणी दे," आई म्हणाली.

कार्तिकीनं गाळणी दिली. आईनं पहिला कप भरला, बिनसाखरेचा, आणि तो चुकून दुसऱ्यांत जाऊ नये म्हणून वेगळा ठेवला.